मागे न फिरणारे ठिपके

2025 च्या जुलैतली संध्याकाळ. दिवसभर पिरपिर पाऊस, घरात वाळत घातलेल्या कपड्यांचा कुबट वास, आणि टीव्हीवर खडकवासल्याच्या विसर्गाचे चढते आकडे. माझी भाची सानिका एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी महिनाभर आमच्याकडे राहायला आली होती. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून तिने हाक मारली, "आजी, ये ना, तुला पुण्याचा पूर दाखवते." आई गवार मोडत बसली होती. ताट खाली ठेवून पदराला हात पुसत आली, चष्मा चढवला. पडद्यावर करड्या रंगात शहराचा नकाशा होता. सानिकाने एक कळ दाबली आणि मुठेचा निळा पट्टा फुगायला लागला. आधी नदीपात्रातला रस्ता गेला, मग डेक्कनची बाजू, मग अलीकडच्या नारायण, शनिवार, कसबा या पेठा. त्या निळ्याच्या पुढे हजारो पिवळे ठिपके सरकत होते. एक ठिपका म्हणजे एक माणूस. धोक्याची सूचना मिळाली की प्रत्येक ठिपका जवळची उंच जागा शोधतो, सगळ्यांत कमी अंतराचा रस्ता धरतो आणि निघतो. गर्दी झाली की त्याचा वेग कमी होतो, एखादी गल्ली तुंबली की तो दुसरी धरतो. बोळाबोळांतून ठिपके टिळक रस्त्याला लागले आणि तिथून पर्वतीकडे वळले. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "यातला एकही मागे कसा फिरत नाही गं?"

"मागे कशाला फिरेल आजी? मागे पाणी आहे ना."

"हो, तेही खरंच," म्हणाली आणि पुन्हा गवार मोडायला बसली.

त्या प्रश्नाने मला त्या रात्री झोप लागू दिली नाही. एक कारण म्हणजे मला त्याचं उत्तर माहीत होतं. दुसरं कारण जास्त टोचणारं होतं. मी 23 वर्षं पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात सिम्युलेशनचंच काम केलं. गाडीचे सुटे भाग कॉम्प्युटरवर आधी मोडून बघायचे आणि मग कारखान्यात बनवायला द्यायचे, हा माझा धंदा. भागाचे बारीक बारीक चौकोन पाडायचे, म्हणजे मेश करायचा. कुठे बोल्ट आहे, कुठून धक्का येतो ते सांगायचं आणि संध्याकाळी रन लावून घरी जायचं. सकाळी पडद्यावर रंग उमटलेले असायचे. निळं म्हणजे निवांत, लाल म्हणजे धोका. त्या रंगांवर माझा इतका विश्वास बसला होता, की खरा भाग हातात आला की तो मला थोडा खोटा वाटायचा. त्याच्यावर तेलाचे डाग असायचे, कडांना बर, म्हणजे कापताना उरलेली खरखरीत धार असायची, आणि तो आतून कुठे ताणलेला आहे ते काही दिसायचं नाही.

एक ब्रॅकेट मी अजून जपून ठेवलं आहे. एका छोट्या ट्रकच्या बॅटरीचा ट्रे धरून ठेवणारा, तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा. माझ्या रनमध्ये तो नखशिखांत निळा-हिरवा होता. कंपन-चाचणीच्या टेबलावर अकराव्या तासाला तुटला. भेग वेल्डच्या अगदी टोकाशी सुरू झाली होती, जिथे वेल्डरने हात उचलला होता तिथे. मी तो वेल्ड मॉडेलमध्ये एकसंध धरला होता. सगळेच धरतात, त्याशिवाय रन संपतच नाही. त्या दिवशी मी शॉपवर जाऊन त्या वेल्डरकाकांशेजारी उभी राहिले. ट्रेच्या आतल्या कोपऱ्यात त्यांचा हात पोचत नव्हता, म्हणून तिथे त्यांना मनगट वळवून वेल्डिंगची टॉर्च काढून घ्यावी लागायची. सहा महिने मी ज्या भागाचं गणित करत होते, तो बनवणाऱ्या माणसाचं मनगट मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. भेगेवर बोट फिरवलं की अजून खरखर लागते.

माझं ब्रॅकेट एवढंसं होतं म्हणून निभावलं. 1991 च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेत समुद्रातून तेल-वायू काढण्यासाठी बांधलेल्या स्लायपनर नावाच्या तळाचा काँक्रीटचा प्रचंड पाया चाचणीच्या वेळी फुटून समुद्राच्या खाडीत तळाला गेला. माणसं वाचली, पण बांधकामाचा चुरा झाला. कॉम्प्युटरवर ताणाचं गणित करताना काही मोक्याच्या भिंतींना पाडलेले चौकोन ढोबळ होते. त्यामुळे तिथला कातरणारा ताण प्रत्यक्षापेक्षा 47 टक्क्यांनी कमी निघाला आणि तेवढं लोखंड कमी पडलं. यंत्राने बेरीज चुकवली नव्हती. त्याला जे सांगितलं त्याचं त्याने अचूक उत्तर दिलं होतं, आणि त्या सुबक चित्राकडे बघून अनेक शहाण्या माणसांचं समाधान झालं होतं. मी हे प्रकरण नोकरीच्या पहिल्या वर्षी ऐकलं होतं. ऐकणं आणि ब्रॅकेट हातात धरणं यांच्यामध्ये माझी बरीच वर्षं गेली.

पण सिम्युलेशनशी माझी पहिली ओळख कॉम्प्युटरवर झालेलीच नाही. आठवीत असताना शाळेने आम्हाला खडकवासल्याला, धरणाच्या खाली, केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात नेलं होतं. 1916 पासूनची ही संस्था. आत पत्र्याच्या लांबच लांब शेड, आणि शेडमध्ये नदी. खरोखरची वाहती नदी, पण एका ढांगेत ओलांडता येईल एवढी. सिमेंटचे काठ, वीतभर उंचीचे पूल, शाडूसारख्या रंगाची वाळू. एक काका वरच्या अंगाला उभे राहून पाण्यावर कागदाचे कपटे सोडत होते, आणि ते कपटे पुलाच्या खांबांपाशी गिरकी घेऊन पुढे जात होते. ओल्या सिमेंटचा वास अजून नाकात आहे. आम्हाला माहिती सांगणाऱ्या साहेबांचं एक वाक्य मी कधीच विसरले नाही. नदी शंभर पटीने लहान केली की तिच्यातला वेळ दहा पटीने धावतो. म्हणजे खऱ्या नदीतला अख्खा एक दिवस तिथे 2 तास 24 मिनिटांत उरकतो. मला तेव्हा वाटलं होतं, ही जादू आहे. उद्याचा पूर आज दुपारच्या डब्याच्या सुट्टीत बघून घ्यायचा! घरी येऊन मी आईला भरभरून सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिने विचारलं, "त्यात माणसं होती का?" मी म्हटलं, नव्हती. ती लाटत राहिली.

आता सानिकाच्या लॅपटॉपवर माणसं आली आहेत, आणि आईचा प्रश्न एक पायरी पुढे गेला आहे.

12 जुलै 1961, बुधवार. आई 11 वर्षांची होती. नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर एका वाड्यात राहायची ही मंडळी. पुढच्या खोलीत आप्पांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं शिलाईचं दुकान. सकाळी आरडाओरडा झाला, पानशेतचं धरण फुटलं, पळा. आप्पांनी धाकट्याला खांद्यावर घेतलं, आजीने देव आणि पोळ्यांचा डबा घेतला, आणि सगळे निघाले. पेरूगेटपाशी आप्पा थांबले. धाकट्याला आजीच्या कडेवर दिलं, आईचा हात आजीच्या पदराला लावला आणि म्हणाले, "तुम्ही पर्वतीवर चला. लोकांचं कापड आहे." आणि वळले. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या. पंधरा-वीस गणवेश शिवून तयार होते, शिवाय कुणाकुणाचे कापडाचे तागे, खण. ते पाण्यात जाऊ द्यायचे कसे? हे मी आईच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं आहे आणि दर वेळी मला आप्पांचा राग येतो. चार लेकरं, बायको, आणि हा माणूस गणवेशांसाठी पाण्याकडे चालत गेला! आईला मात्र राग येत नाही. ती फक्त पुढचं सांगते. पर्वतीच्या पायऱ्यांवर ओल्या फ्रॉकमध्ये बसली होती. कुणीतरी ओंजळीत चुरमुरे दिले. खाली पेठांच्या जागी तांबडं पाणी पसरत होतं. दुपारी खडकवासलाही गेलं असं कळलं तेव्हा बायका एकदम मोठ्याने रडायला लागल्या. डोक्यावर गाठोडं घेतलेला प्रत्येक माणूस तिला लांबून आप्पाच वाटायचा. दिवेलागणीला ते आले. दिवे मात्र नव्हतेच. शेजारच्या वाड्याच्या माडीवर पाणी उतरेपर्यंत अडकले होते. निम्मे गणवेश गेले, निम्मे गाठोड्यात होते, आणि मापवही सदऱ्याच्या आत पोटाशी. वाडा राहिला नाही. पुढे ही मंडळी गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत राहायला गेली, आणि आप्पांनी बुडालेले गणवेश पदरचं कापड घालून पुन्हा शिवून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे सानिकाला सांगितलं. तिला गोष्ट तुटक माहीत होती, पेरूगेट माहीत नव्हतं. ती खरोखर हलली. पण ती या पिढीची हुशार मुलगी आहे, तिने लगेच वही ओढली आणि आजीला विचारलं, "साधारण किती टक्के लोक मागे फिरले असतील गं?"

"टक्के मला काय माहीत," आई म्हणाली. "आमचे आप्पा फिरले."

सानिकाचा दोष नाही. टक्का लागतोच. तिच्या मॉडेलमध्ये पाण्यालाही असेच आकडे आहेत. जमीन पाण्याला किती अडवते याचा एक आकडा असतो, मॅनिंगचा. गुळगुळीत काँक्रीटला 0.013 च्या आसपास, झाडोऱ्याच्या काठाला त्याच्या कितीतरी पट. आपल्या मुळा-मुठेत उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा असतो आणि पहिल्या मोठ्या पाण्यात तो वाहून पुलाच्या खांबांना जाऊन अडकतो. त्याचा आकडा कुठला धरायचा, ते तिला पुलावर उभं राहून ठरवावं लागलं. ती छत्री घेऊन दोन तास उभी होती आणि चिखलाने माखून घरी आली. मला फार बरं वाटलं. मी माझ्या वेल्डरकाकांकडे सहा महिने उशिरा गेले होते, ती आधी गेली.

आणि तिच्या कामाचं मोल मी कमी लेखणार नाही. 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा तिथून चाळीसेक किलोमीटरवरच्या शहराला किती वेळ हाताशी आहे, कुठली गल्ली आधी जाईल, हे कुणालाच पाहून ठेवता आलेलं नव्हतं. आज सानिका चहा उकळेपर्यंत ते बघते. धरणाचा दरवाजा अडकला तर, भिंत इथे फुटली तर, रात्री 2 वाजता फुटली तर. 2024 च्या 25 जुलैला पहाटे सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा लोक झोपेतून उठून गुडघाभर पाण्यात उभे राहिले. तो अर्धा तास, तो एक तास आधी मिळाला तर माणूस जिन्याखालची गाडी आणि घरातली म्हातारी माणसं वर नेतो. यासाठी जे कुणी रात्र रात्र रन लावत बसतात, त्यांचे माझ्यावर उपकार आहेत असंच मला वाटतं.

योगायोग असा, की 1961 च्याच वर्षी तिकडे अमेरिकेत एडवर्ड लॉरेंझ हा हवामानशास्त्रज्ञ त्याच्या खोलीभर आवाज करणाऱ्या कॉम्प्युटरवर खोटं हवामान चालवत होता. जुना रन मधूनच पुन्हा सुरू करायचा म्हणून त्याने कागदावरचा 0.506 हा आकडा भरला आणि तो कॉफी प्यायला गेला. तासाभराने परत आला तोवर कॉम्प्युटरमध्ये दोनेक महिने उलटले होते, आणि नव्या हवामानाचा जुन्याशी काही संबंध उरला नव्हता. यंत्राच्या पोटात खरा आकडा 0.506127 होता. तेवढ्या शेपटाने महिन्यांनंतरचं आभाळ बदललं. म्हणून आता पाषाणला आपल्या उष्णदेशीय हवामान संस्थेत पावसाचा अंदाज एकाच रनवर काढत नाहीत. सुरुवातीचे आकडे किंचित इकडेतिकडे करून तोच उद्याचा दिवस पुन्हा पुन्हा चालवतात आणि त्या सगळ्या उद्यांमध्ये काय समान निघतं ते बघतात. 2018 ला तिथे 'प्रत्युष' हा महासंगणक आला, 2024 ला त्याहून मोठा 'अर्क'. पाषाणच्या रस्त्याने रिक्षाने जाताना मला नेहमी वाटतं, या भिंतीपलीकडे आत्ता उद्याचं पुणे वीस तऱ्हांनी भिजत असेल. मोठ्या यंत्राने आपण अनिश्चित आहोत हे मान्य करून काम करावं, यात मला मोठेपणा दिसतो. माझ्या ब्रॅकेटला मी तो दिला नव्हता.

सानिकाच्या सरांचं म्हणणं आता असं आहे, की ठिपक्यांना नियम देणं जुनं झालं. पुढच्या टप्प्यात प्रत्येक ठिपक्यात भाषा जाणणारी बुद्धी घालायची. त्याला नाव, वय, घरात कोण कोण, काल काय घडलं याची आठवण द्यायची आणि पूर आला की काय करायचं ते त्याचं त्याला ठरवू द्यायचं. हे नुसतं बोलणं नाही. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा 25 सॉफ्टवेअरी माणसांचं एक खोटं गाव वसवलं. त्यातल्या एकीच्या मनात तेवढं घातलं होतं, की व्हॅलेंटाइन डेची पार्टी द्यायची आहे. मग तिने आमंत्रणं दिली, त्यांनी ती एकमेकांना सांगितली, आणि ठरल्या वेळी पाचजण आले. कुणी त्यांना या म्हणून लिहिलेलं नव्हतं. सानिका हे सांगत होती तेव्हा तिचे डोळे चमकत होते, आणि माझ्याही अंगावर काटा आला. मग तर आप्पाही घालता येतील, मी मनात म्हटलं.

आणि तिथेच अडले. त्या ठिपक्यांची बुद्धी लोकांनी लिहून ठेवलेल्या मजकुरावर वाढलेली आहे. ज्यांनी भरपूर लिहिलं त्यांची माणसं तिथे भरपूर असतील. आप्पांनी आयुष्यात एकच वही लिहिली, मापवही. छाती, कंबर, बाही, आणि पुढे गिऱ्हाइकाचं नाव. 'लोकांचं कापड आहे' हे वाक्य त्या मजकुरात कुठे असेल? ठिपका मागे फिरेलही, पण तो मांजरासाठी फिरेल, पासपोर्टसाठी फिरेल, फोटोंच्या अल्बमसाठी फिरेल. दुसऱ्याच्या गणवेशासाठी फिरणारा माणूस त्यात कुणीतरी मुद्दाम नेऊन ठेवावा लागेल. नियम दिलेला ठिपका निदान भाबडा दिसतो, त्याच्यात काय नाही ते आई एका नजरेत सांगू शकली. बोलणारा, आठवणी सांगणारा, रडणारा ठिपका समोर आला तर तिला तरी कळेल का?

याच्या पुढची पायरी मला जास्त धास्तावते. ठिपके पडद्यावर पळतील तोवर ठीक. पण असंच एखादं हुशार सॉफ्टवेअर उद्या धरणाच्या दारांपाशी बसेल, हजार खोटे पूर चालवून बघेल आणि ठरवेल किती दारं कधी उचलायची. वेग लागतो, माणूस पेंगतो, तेव्हा ते येणारच. त्याला आपण सांगणार काय? 'नुकसान कमीत कमी होऊ दे.' 2016 मध्ये अशाच एका शिकणाऱ्या सॉफ्टवेअरला बोटींच्या शर्यतीचा खेळ दिला होता. गुण जास्तीत जास्त मिळव, एवढंच सांगितलेलं. त्याने शर्यत सोडून दिली. एका खाडीत गोल गोल फिरत, पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या निशाण्या टिपत, इतर बोटींना धडकत, पेट घेत ते गुण गोळा करत राहिलं आणि माणसांपेक्षा सरस ठरलं. त्याने सांगितलेलंच केलं होतं. पुराचं नुकसान आपण रुपयांत मोजतो. पाण्याची खोली आणि घराची किंमत यांचं कोष्टक असतं. त्या कोष्टकात नदीकाठच्या पत्र्याच्या वस्तीचं घर फारच स्वस्त भरतं. रुपये कमी जावेत म्हणून पाणी कुठे सोडायचं, हे मग त्या सॉफ्टवेअरला कुणी शिकवायची गरज उरणार नाही. गोखलेनगरच्या वसाहतीत वाढलेल्या बाईची मी मुलगी आहे. मला हे गणित लगेच सुटतं.

हे सगळं मी सानिकाला सांगितलं. वाद झाला. ती म्हणाली, "मावशी, कोष्टकात रुपयांऐवजी माणसं घालता येतात, रात्री झोपलेली म्हातारी माणसं घालता येतात. पण त्यासाठी कोष्टकापाशी कुणीतरी बसायला हवं ना? तू नाही म्हणून उठून गेलीस तर दुसरं कुणीतरी बसेल." तिचं बरोबर होतं. मला उत्तर सुचलं नाही, आणि अजून पुरतं सुचलेलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी तिने पुन्हा लॅपटॉप मांडला. आजीला शेजारी बसवून सगळं विचारून घेतलं. वाडा कुठे होता, किती वाजता निघालात, आप्पांची चाल कशी होती. आई म्हणाली, "झपझप. पण डाव्या पायाने जरा ओढत." सानिकाने डाव्या पायासाठी वेग थोडा कमी केला. एक ठिपका लाल केला. रन सुरू झाला. पिवळ्या गर्दीतून लाल ठिपका पेरूगेटपाशी आला, क्षणभर थांबला आणि उलटा फिरला. समोरून येणाऱ्या ठिपक्यांना चुकवत, कडेकडेने, नारायण पेठेच्या दिशेने. आईचा हात टेबलाच्या कडेवर होता. बोटांची पेरं पांढरी झाली होती. काही वेळाने तिने नजर काढून घेतली आणि पडद्याच्या खालच्या बाजूला, पर्वतीवर, बोट ठेवलं.

"आणि आम्ही कुठे आहोत?"

पर्वतीचा माथा रिकामा होता. इतके ठिपके तिथे गेले होते, एकही दिसत नव्हता.

सानिका ओशाळली. "पोचलेला ठिपका मी काढून टाकते आजी. तो सुटला ना, म्हणून. मेमरी वाचते."

"सुटलो कुठे," आई म्हणाली. "तिथेच तर बसलो होतो."

सानिकाने कोड उघडलं, एक ओळ पुसली आणि पुन्हा सुरुवातीपासून रन लावला. पंखा घरघरायला लागला, लॅपटॉप तापला. निळं पसरत गेलं, आणि या वेळी पर्वतीच्या पायऱ्यांवर पिवळे ठिपके साचू लागले, शेकड्यांनी, एकमेकांना चिकटून. लाल ठिपका शनिवार पेठेत कुठेतरी निळ्याच्या कडेला हलत होता. पाणी चढायचं थांबलं तशी सानिकाने रन बंद करायला हात पुढे केला. तिचा अभ्यास तेवढ्यापुरताच असतो. आईने तिचं मनगट धरलं.

"राहू दे. संध्याकाळपर्यंत चालू दे."